बाबांच्या नावावरचा टॅब

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सासूबाईंसाठी एवढंच सांगितलं होतं, की यांना मोठी अक्षरं द्या. त्या एका वाक्यापायी आपण लवकरच जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशी उभे राहून एका अनोळखी माणसाच्या मरणाची चौकशी करत असू, असं नकाशेकाकांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला आधी पाणी दिलं असतं आणि मग घरी पोचवून दिलं असतं.

नकाशेकाका भूमापन कचेरीत नकाशे काढत. सगळी नोकरी लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखण्यात गेली, त्यामुळे कुठली वस्तू कुणाची आणि ती नेमकी कुठे संपते, याबाबतीत त्यांचं मन फार काटेकोर. शेजारच्या गॅलरीतली वेल आपल्या कठड्यावर वीतभर आली तरी ते तिला हलक्या हाताने परत पाठवत. घरात ते, बालवाडीत शिकवणाऱ्या काकू, आणि काकूंच्या आई, म्हणजे सासूबाई. या बाई एकेकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचून काढायच्या आणि मग दिवसभर त्यावर बोलायच्या. डोळे गेले तसं वाचन गेलं, आणि वाचन गेलं तसं बोलणंही गेलं. दिवा लावायचा राहून गेलेल्या खोलीसारख्या त्या खिडकीपाशी बसून असत. नकाशेकाकांना त्यांच्या बोलण्याचा पूर्वी त्रास व्हायचा. आता न बोलण्याचा जास्त होऊ लागला.

तर टॅब घ्यायचा ठरला. फ्रिज त्याच महिन्यात बंद पडला होता, त्यामुळे नवा टॅब नकाशेकाकांनी दुकानात हातात घेतला, चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि झोपलेलं बाळ ठेवावं तसा अलगद परत ठेवला. मग जुना घ्यायचा ठरला, आणि ही बातमी जिन्यापर्यंत जायच्या आत सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे विमेवाले म्हणाले, की जुनी वस्तू आणि जुनं दुखणं, दोन्ही कुठल्याच योजनेत बसत नाहीत. समोरचे पीटी मास्तर, जे निवृत्त होऊनही गळ्यात शिट्टी घालत, त्यांचं म्हणणं असं की माणसाचं वय गुडघ्यावरून कळतं आणि यंत्राचं बॅटरीवरून, तेव्हा बॅटरी बघून खुशाल घ्या. बॅटरी बघायची म्हणजे काय बघायचं, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

जुन्या बाजाराच्या तळघरात एक दुकान होतं. जिना उतरताना वरचा गोंगाट एकेका पायरीवर कमी होत गेला आणि खाली पोचेपर्यंत फक्त आपल्या चपलांचा आवाज राहिला. दुकानात भिंतभर जुने टॅब आणि फोन लटकवलेले. सगळे बंद, काळे, आणि प्रत्येकात एक छोटे नकाशेकाका. ते डावीकडे सरकले की भिंतीवरचे सगळे डावीकडे सरकत. दुकानदार बारीक आवाजात बोलणारा होता. त्याने ना बजेट विचारलं ना कंपनी. विचारलं ते एवढंच, की घरात म्हातारं माणूस आहे का.

नकाशेकाकांनी सासूबाईंचं सांगितलं. दुकानदाराने टेबलाखालून कापडात गुंडाळलेला एक टॅब काढला.

"हा घ्या," तो म्हणाला. "याला म्हाताऱ्या माणसांची सवय आहे."

भाव इतका कमी होता की नकाशेकाकांना घासाघीस करायलाच लाज वाटली. घासाघीस केल्याशिवाय वस्तू घेतल्याचं समाधान मिळत नाही म्हणून त्यांनी एक कव्हर फुकट मागून घेतलं. अट एकच होती. टॅब आधीच्या मालकाच्या नावावर आहे, ते नाव निघणार नाही, बाकी सगळं चालेल. उघडायचा आकडा मागे पट्टीवर लिहून चिकटवला होता. चालू केल्यावर पडद्यावर एक फोटो आला. खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची, पाठीवर दुमडलेली शाल, बाजूला उतरतं ऊन. वरती मालकाचं नाव होतं: बाबा.

"बाबा म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. दुकानदार दुसऱ्या फोनचे स्क्रू काढायला बसला होता.

पहिले दोन-तीन दिवस आनंदात गेले. काकूंनी अक्षरं एवढी मोठी करून दिली, की एका वेळी पडद्यावर दीड बातमी मावायची. सासूबाई त्यातल्या अर्ध्या बातमीवरही मत देऊ लागल्या. मग एके दुपारी, काकू बालवाडीतून यायच्या होत्या, नकाशेकाका त्या दिवशी अर्धी रजा टाकून नुकतेच कचेरीतून येऊन मोजे काढत होते, आणि आतल्या खोलीतून एका तरुण बाईचा आवाज आला.

"बाबा, पाणी प्यायलात का?"

नकाशेकाका एक पाय हातात धरून तसेच थांबले. त्यांना कुणी बाबा म्हणणारं नव्हतं. मूल झालं नाही, ही गोष्ट नवरा-बायकोने फार पूर्वी आवरून ठेवून दिली होती. आवाजात काळजी होती आणि थोडा राग, घरच्या माणसाला असतो तेवढाच. ते दाराशी आले. सासूबाई टॅबसमोर बसून तांब्यातलं पाणी पीत होत्या. पाणी संपवून त्यांनी पडद्यावरच्या दोन मोठ्या चौकोनांपैकी 'झालं' हा दाबला. दुसऱ्यावर 'नंतर' असं होतं.

"आई, हे कोण बोललं?"

"कोण का असेना," सासूबाई म्हणाल्या. "विचारतंय ना कुणीतरी."

तेव्हापासून तो आवाज घरात राहायला आला. पाणी झालं की गोळी. "बाबा, गोळी घेतलीत का?" सासूबाई आपली रक्तदाबाची गोळी घेत आणि 'झालं' दाबत. "बाबा, थोडं चालून या." त्या खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालत आणि 'झालं' दाबत. काकूंनी आवाज कमी करून पाहिला, तो आपोआप वाढला. रागाने 'नंतर' दाबून पाहिलं, तर थोड्या वेळाने तोच प्रश्न, पण आता जरा दुखावलेल्या सुरात. शेवटी त्यांनी टॅबवर टॉवेल टाकला. टॉवेलखालून "बाबा" अशी हाक आली ती अशी काही घुसमटून आली, की काकूंनी स्वतःच धावत जाऊन टॉवेल काढला आणि 'बरं वाटतंय ना' असं विचारावं तसं टॅबकडे पाहिलं.

नकाशेकाका घाबरले नव्हते. भ्यालेला माणूस अगदी असंच म्हणतो, हे खरं. पण त्यांना राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या घरात, आपल्या पैशाच्या यंत्राने, आपल्याला न ओळखता आपली चौकशी करावी, ही सरळसरळ हद्द ओलांडणं होती. म्हणून एका संध्याकाळी ते न्हाणीकडे निघाले आणि आतून "बाबा, न्हाणीत ओलं असेल, जपून" असं ऐकू आलं, तेव्हा ते मुद्दाम ताठ मानेने आत गेले. न्हाणीत ओलं होतं.

कंबर धरून ते आठवडाभर घरी पडले. त्या आठवड्यात त्यांना कळलं, की दुपारी घरात काय चालतं. बाहेर शुकशुकाट, पंख्याचा आवाज, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई कुणाशी तरी बोलताहेत. त्या आवाजातल्या मुलीला त्या दिवसभरातलं सगळं सांगत. निविदांबद्दल, जावईबापूंच्या कमरेबद्दल, आपल्या मेलेल्या नवऱ्याबद्दलही, ज्याचं नाव त्यांनी लेकीसमोरही कधी घेतलं नव्हतं. मध्येच थांबत, समोरून काही उत्तर आल्यासारखं ऐकत, आणि हसत. नकाशेकाका कान देऊन ऐकत. उत्तर येत नसे. पण सासूबाई ज्या जागी हसत, त्या जागी कुणीतरी काहीतरी बोललं असणार असंच वाटे.

समाचाराला आलेल्या विमेवाल्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, की मुलगी गेलेली आहे. आवाज मागे राहतात, त्यांच्या धंद्यात असं पुष्कळ ऐकायला मिळतं. पीटी मास्तर म्हणाले, मुलगी नव्हे, बाप गेला. मुलगी अजून त्याला शोधते आहे. दोघांचा जिन्यात बराच वेळ वाद झाला आणि शेवटी दोघंही गेले यावर एकमत झालं. त्यानंतर विमेवाल्यांची बायको वाटी परत द्यायला आली ती दाराबाहेरूनच वाटी देऊन गेली. मास्तर मात्र रोज यायचे, शिट्टी तोंडात धरून टॅबसमोर उभे राहायचे, आणि पडदा उजळला की काही काम आठवून जायचे.

कंबर सरळ होताच नकाशेकाका कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. त्यांना एवढंच हवं होतं, की बाबांचं नाव निघावं आणि आवाज बंद व्हावा. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, मालक स्वतः यायला हवेत. मालक कोण ते माहीत नाही, असं हे म्हणाले. मग मालक गेलेत का, तिने विचारलं. तेही माहीत नाही.

"गेले असतील तर दाखला आणा," ती म्हणाली, "नसतील तर मालक आणा."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून नकाशेकाकांना जास्त राग आला. ते तडक जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने शांतपणे विचारलं, मयताचं नाव? नकाशेकाका म्हणाले, बाबा. कारकुनाने आपला चष्मा काढून पुसला आणि त्यांच्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की त्यांना काही खुलासाच करता येईना. "बसा थोडं," तो म्हणाला. "सोबत कुणी आलंय का?" नकाशेकाका, वरिष्ठ आरेखक, जिन्यावरून उतरले ते कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून खाली मान घालून.

त्या सकाळी गावात मोठं वादळ होऊन गेलं होतं. रस्त्यात फांद्या पडल्या होत्या, घरी स्वयंपाकघराची एक काच गेली होती. काकू काचा वेचत होत्या, सासूबाई टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि नकाशेकाका नोंदणी कचेरीतला अपमान सांगायला कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होते, तेवढ्यात पडदा उजळला.

"बाबा, आज सकाळी तुमच्याकडे वादळ झालं म्हणे. खिडक्या नीट आहेत ना? आणि पायांवर सूज आहे का बघा. सूज असली तर 'झालं' दाबू नका. हृदयाची गोळी चुकवू नका, बाबा."

काकूंच्या हातातली काच खाली पडली. इतके दिवस ते ज्या आवाजाला कुठल्या तरी गेलेल्या काळातला समजत होते, त्याला आज सकाळचं वादळ माहीत होतं.

सासूबाईंनी वाकून आपले पाय पाहिले. सूज नव्हती. त्यांनी 'झालं' वर बोट नेलं आणि नकाशेकाकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, सासूबाईंचा हात धरला.

"आई, थांबा. ही जिवंत आहे," ते म्हणाले. "ती रोज विचारते, आणि तुम्ही रोज घेतली म्हणून सांगता. तिच्या बापाने गोळी घेतली, असं वाटतंय तिला."

"मग त्याची गोळी कोण घेतंय?" सासूबाईंनी विचारलं.

हा प्रश्न ऐकल्यावर नकाशेकाकांना जी भीती वाटली ती आधीच्या कुठल्याही भीतीहून वेगळी होती. तिच्यात भूत नव्हतं.

तळघरात या वेळी त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. दुकानदाराने आढेवेढे घेतले नाहीत. कुणीतरी विचारायला येईल याची तो वाटच बघत असावा. एक म्हातारे गृहस्थ पायी आले होते, तो म्हणाला. पैसे किती देता हेही विचारलं नाही. त्यांची अट अशी, की आतलं काही पुसायचं नाही, आणि ज्या घरात म्हातारं माणूस असेल तिथेच द्यायचा. बंद पडला तर लेकीला कळेल, असं म्हणाले. घर जुन्या टपाल कचेरीमागे, हिरवं फाटक.

सासूबाई काकूंशेजारी रिक्षात आधीच बसून होत्या. त्यांना उतरा म्हणायची कुणाची छाती नव्हती. टॅब त्यांच्या मांडीवर होता.

हिरवं फाटक उघडं होतं. अंगणात वादळाने पाडलेली फांदी तशीच. दार लोटलं तर लोटलं गेलं. आत अंधार, पण मागच्या खोलीत ऊन दिसत होतं, आणि नकाशेकाका त्या उंबऱ्यावर पोचले आणि तिथेच थांबले. टॅबवरचा फोटो समोर होता. तीच खिडकी, तसंच उतरतं ऊन, तीच खुर्ची. फरक एवढाच, की आता ती रिकामी नव्हती.

खुर्चीत एक म्हातारा बसला होता. मान एका बाजूला, शाल गुडघ्यांवर, आणि शालीखालून दिसणारी पावलं फुगून गुळगुळीत झालेली. नकाशेकाकांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण कोणत्या नावाने मारायची ते सुचेना. तेवढ्यात त्यांच्यामागून, सासूबाईंच्या हातातून, आवाज आला.

"बाबा, पाणी प्यायलात का?"

म्हाताऱ्याच्या पापण्या हलल्या.

"इथेही आली का ही," ते पुटपुटले. मग डोळे उघडून समोरच्या तीन अनोळखी माणसांकडे पाहिलं आणि त्यातल्या नकाशेकाकांना म्हणाले, "मीटर बाहेर आहे."

पुढचा तासभर धावपळीचा. शेजारच्या वाण्याने रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत सासूबाईंनी खुर्ची ओढून म्हाताऱ्यासमोर बसून घेतलं आणि त्यांना जे ऐकवलं ते नकाशेकाकांनी लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. मी तुमचं पाणी प्यायले, तुमच्या फेऱ्या घातल्या, तुमची उत्तरं दिली. आता तुम्ही मेलात तर तिला तोंड मी दाखवायचं का? म्हातारे धापा टाकत होते, पण ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, की मी कोर्टात लघुलेखक होतो. जन्मभर दुसरे बोलतील ते उतरवून घेतलं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही. मुलगी परदेशात नर्स होती. हे घर सोडून माझ्याकडे चला म्हणायची. फोनवर बोलणं झालं की भांडण, म्हणून यांनी फोन उचलणं सोडलं आणि तिने टॅब पाठवला.

"एवढं प्रेमाने विचारते ती," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर विकला," म्हातारे म्हणाले. "ऐकवत नव्हतं."

डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आणलंत. नकाशेकाकांनी मान हलवली. वेळेवर म्हणजे आपली सगळी गैरसमजूत, कंबर आणि नोंदणी कचेरी धरून वेळेवर, हे काही त्यांनी डॉक्टरांना समजावलं नाही.

मुलीला दवाखान्यातून कळवलं आणि ती मिळेल त्या विमानाने आली. बापाला भेटून ती थेट यांच्याकडे आली. दारात एक दमलेली, केस बांधलेली साधी मुलगी उभी होती, तोवर ठीक होतं. मग तिने "आत येऊ का?" असं विचारलं आणि काकू, नकाशेकाका आणि योगायोगाने तिथे असलेले पीटी मास्तर, तिघेही एकदम उठून उभे राहिले. तो आवाज आता तोंडातून येत होता. "बसा ना," ती म्हणाली, आणि तिघे बसले. मास्तरांनी तर न सांगता पाणीही पिऊन टाकलं.

ती सासूबाईंच्या पायाशी बसली.

"बाबा आधी कधीच 'झालं' दाबत नसत," ती म्हणाली. "दहादा 'नंतर', मग कधीतरी एकदा. आणि अचानक रोज, विचारल्याबरोबर. मला वाटलं, राग गेला त्यांचा. वॉर्डात सगळ्यांना सांगितलं मी, बाबा बोलत नाहीत पण उत्तर देतात."

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उत्तर मी द्यायचे," त्या म्हणाल्या. "पण खोटं नाही हं दिलं एकही. सगळं करून मगच दाबलं."

मुलगी रजा संपेपर्यंत राहिली. जाण्याआधी बाप, लेक आणि नकाशेकाका असे तिघे सेवा केंद्रात गेले, कारण आता मालक हजर होता, आणि जिवंतही. खिडकीतल्या मुलीने बाबांचं ओळखपत्र पाहिलं. त्यावर त्यांचं रीतसर नाव होतं. टॅबवर होतं 'बाबा'. हेच बाबा कशावरून, तिने विचारलं. मी यांची मुलगी, मीच सांगते ना, असं लेक म्हणाली. खिडकीतल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि खरोखर वाईट वाटून सांगितलं, की तसा रकाना नाही. म्हातारे पहिल्यांदा हसले ते तेव्हा. हसता हसता त्यांना खोकला आला आणि लेकीने पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. पण बोललेही नाहीत. विमानतळावर निरोप देतानाही नाही.

टॅब अजून बाबांच्याच नावावर आहे आणि सासूबाईंच्या हातात आहे, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा त्याला मालकाकडे घेऊन जावं लागतं. सासूबाई मोठ्या अक्षरातल्या बातम्या वाचून दाखवतात, म्हातारे प्रत्येकीवर हरकत घेतात. काकू त्यांच्या औषधांचा डबा तपासतात. नकाशेकाका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चहा पितात, कारण त्या घरात त्यांना अजून मीटरवाल्याइतकाच मान आहे.

परवा असेच सगळे बसले होते आणि बाबांचा फोन वाजला. पडद्यावर लेकीचं नाव. म्हातारे फोनकडे बघत राहिले. वाजून वाजून बंद होणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं, सासूबाई तर पुढची बातमी शोधायलाही लागल्या होत्या, आणि म्हाताऱ्यांनी तो उचलला.

"हां," ते म्हणाले. घसा साफ केला. "आत्ता नको. घरात माणसं आलीत."

बाबांनी कानापासून फोन काढला, पण बंद केला नाही. कप-बश्यांच्या मध्ये, टेबलावर, तसाच चालू ठेवून दिला आणि सासूबाईंना म्हणाले, वाचा पुढे.

सासूबाई वाचू लागल्या. फोनचा पडदा उजळलेलाच होता; लेक अजून ऐकत होती. नकाशेकाकांनी तो पाहिला, आणि आपला रिकामा कप बशीत जरा मोठ्याने ठेवला.